अप्पासाहेब पंत : गावाच्या स्वराज्यापासून राष्ट्राच्या परराष्ट्रधोरणापर्यंत

धानोरा तालुक्यातील भाविकांना ग्रामसभा हा शब्द नवा नाही. याच तालुक्यातील मेंढा-लेखा या छोट्याशा गोंड गावाने सर्वांच्या सहमतीने कारभार चालविण्याची पद्धत स्वीकारली आणि वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. मात्र ग्रामसभेच्या स्वराज्याचा एक धाडसी प्रयोग याच महाराष्ट्रात त्यापूर्वी ७० वर्षे झाला होता आणि तो घडविणारा तरुण पुढे स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून आफ्रिका खंडात गेला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या तरुणाचे नाव अप्पासाहेब पंत. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु दुर्बलाच्या बाजूने उभे राहण्याचा जो धडा प्रभू येशूने आपणांस दिला, त्याचे प्रतिबिंब त्यांच्या जीवनात ठायी ठायी दिसते.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ साली औंधच्या राजघराण्यात झाला. औंध हे सातारा जिल्ह्यालगतचे ७२ गावांचे लहानसे संस्थान. त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध होते. किर्लोस्करवाडीचा कारखाना याच संस्थानाच्या आश्रयाने उभा राहिला. अप्पासाहेबांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले व ते बॅरिस्टर झाले. त्यांच्यापुढे सुखाचा राजमार्ग मोकळा होता. परंतु मायदेशी परतल्यावर त्यांनी वडिलांच्या संमतीने वेगळीच वाट धरली.

या कामी त्यांना मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याचे साहाय्य लाभले. भारतात येऊन ते भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. दोघांनी महात्मा गांधींचा सल्ला घेऊन औंधसाठी राज्यघटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली आणि राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. प्रत्येक गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहावा आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ बनावे, अशी ती रचना होती. गावातील तंटे गावातच, विनाखर्च मिटावेत अशी व्यवस्था करण्यात आली. सत्ता वरून खाली झिरपण्याऐवजी खालून वर चढावी, हे तिचे सूत्र होते.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचे स्मरण होते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या विश्वपत्रात असे प्रतिपादन केले होते, की जे कार्य लहान समुदाय स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेणे हा अन्याय होय. औंधच्या खेड्यांत हेच तत्त्व त्याच दशकात प्रत्यक्षात उतरत होते. १९४२ च्या चळवळीत साताऱ्याच्या प्रतिसरकारातील भूमिगत कार्यकर्त्यांना औंध संस्थानाच्या हद्दीत आसरा मिळाला, तोही या वातावरणामुळेच. पुढे अप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधान झाले. मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि या राजपुत्राकडे राज्य असे काही उरले नाही. त्याच वर्षी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यांच्यावर नवी जबाबदारी सोपविली : पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला जाणे.

या नेमणुकीचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचा भारत ध्यानात घ्यावा लागतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु २६ जानेवारी १९५० पर्यंत तो डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश मुकुटाखालील स्वयंशासित राज्य होता. त्या काळात भारताच्या राजदूतांची अधिकारपत्रेही राजे सहावे जॉर्ज यांच्या नावाने दिली जात. एप्रिल १९४९ मध्ये लंडन येथे राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांनी तोडगा काढला, की भारत प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलात राहू शकेल. डोमिनियन ते प्रजासत्ताक अशी ही अडीच वर्षांची वाटचाल होती. याच काळात, १९४८ साली, भारत आणि व्हॅटिकन यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, ही बाब आम्हां कॅथलिकांना विशेष आनंदाची आहे.

आपला स्वतंत्र आवाज जगाला ऐकविण्याचा प्रयत्न भारताने स्वातंत्र्याच्या आधीच सुरू केला होता. दक्षिण आफ्रिकेतील सरकारने तेथील भारतीयांच्या जमीन धारण करण्याच्या हक्कावर बंधने घातली, तेव्हा १९४६ साली भारताने त्या देशाशी व्यापार थांबविला व आपले हायकमिशनर परत बोलावले. हे हायकमिशनर होते आपल्या विदर्भातील अमरावतीचे रामराव देशमुख. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडला आणि भारताच्या बाजूने ठराव संमत झाला. वर्णभेदाच्या विरोधात उभे राहणे हा अशा प्रकारे भारतीय परराष्ट्रधोरणाचा पाया ठरला.

अप्पासाहेब नैरोबीत दाखल झाले तेव्हा केनिया ही ब्रिटिशांची वसाहत होती. समाज तीन थरांत विभागलेला होता. सर्वांत वर गोरे वसाहतवाले, मध्ये भारतीय आणि तळाशी त्या भूमीचे खरे मालक असलेले आफ्रिकी लोक. डोंगराळ भागातील सुपीक जमीन केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. आफ्रिकी पुरुषांना गळ्यात ओळखपत्राची डबी अडकवून फिरावे लागे. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या रान राखले, त्यांनाच त्या रानात परके ठरविले जाणे म्हणजे काय, हे गडचिरोलीच्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

भारतीयांपैकी अनेकांचे पूर्वज १८९६ ते १९०१ या काळात रेल्वे बांधण्यासाठी आलेले मजूर किंवा त्यांच्या मागोमाग आलेले व्यापारी होते. गोव्याहून गेलेले कॅथलिक बांधव प्रामुख्याने कारकुनी व सरकारी नोकऱ्यांत होते. त्यांनी तेथे चर्च आणि शाळा यांच्या आधाराने आपला समाज टिकवून ठेवला होता. अशा वेळी भारताच्या प्रतिनिधीने आपल्या देशबांधवांसाठी गोऱ्यांच्या बरोबरीच्या सवलती मागाव्यात, अशी अनेकांची अपेक्षा होती. नेहरूंचा निर्देश मात्र निराळा होता. आफ्रिका ही आफ्रिकी लोकांची आहे. भारतीयांनी तेथे त्यांचे पाहुणे व बंधू म्हणून राहावे, त्यांच्या हक्कांच्या मोबदल्यात स्वतःसाठी काही मागू नये, असे ते धोरण होते.

अप्पासाहेबांनी हे धोरण मनोभावे आचरणात आणले. एकीकडे ते वसाहतीच्या अधिकाऱ्यांना भेटत, तर दुसरीकडे जोमो केन्याटा आणि कोइनांगे कुटुंबीय यांच्यासारख्या आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी मैत्री जोडली. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात उच्च शिक्षण घेता यावे म्हणून भारत सरकारने शिष्यवृत्त्या दिल्या. गांधीजींचे स्मारक म्हणून तेथील भारतीय समाजाने निधी उभारला. त्याचा पुतळा उभारून थांबण्याऐवजी सर्व वंशांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची सोय करण्याचे ठरले. पुढे हे कार्य रॉयल टेक्निकल कॉलेजमध्ये विलीन झाले आणि त्यातूनच आजचे नैरोबी विद्यापीठ आकारास आले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली. माउ माउ या सशस्त्र बंडाचे प्रमुख ठरवून केन्याटांना अटक करण्यात आली. गांधीजींचा अनुयायी म्हणविणाऱ्या देशापुढे येथे खरा पेच उभा राहिला. हिंसेचे समर्थन करणे शक्य नव्हते. आणि ज्या अन्यायातून ती हिंसा जन्मली, त्याकडे पाठ फिरविणेही शक्य नव्हते. भारताने दोन्ही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या. नेहरूंनी केन्याटांच्या बचावासाठी दिवाण चमनलाल यांना पाठविले. त्या वकिलांच्या गटात मुंबईत जन्मलेले गोवन तरुण फिट्झ डिसोझा हेही होते. नैरोबीचेच गोवन कार्यकर्ते पियो गामा पिंटो यांनी आफ्रिकी स्वातंत्र्यासाठी स्वतःस वाहून घेतले; १९५४ पासून पाच वर्षे ते स्थानबद्धतेत होते आणि स्वतंत्र केनियात १९६५ साली त्यांची हत्या झाली. सुरक्षित नोकरीची वाट सोडून शेजाऱ्याच्या दुःखात सहभागी झालेले हे आपले बांधव विसरता येणार नाहीत.

भारताच्या कमिशनरने आफ्रिकी पुढाऱ्यांशी ठेवलेले हे संबंध गोऱ्या वसाहतवाल्यांना खुपू लागले. अप्पासाहेब बंडखोरांना फूस लावतात, अशा तक्रारी लंडनला गेल्या आणि तेथून दिल्लीवर दबाव आला. भारत तेव्हा प्रजासत्ताक झालेला होता, त्याचे धोरण त्याचे स्वतःचे होते. तरीही परक्याच्या वसाहतीत आपला प्रतिनिधी तेथील सत्तेच्या मर्जीविरुद्ध फार काळ ठेवणे कठीण होते. अखेर १९५४ मध्ये अप्पासाहेबांनी नैरोबी सोडले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. वसाहतीच्या सरकारास ते नको होते. पण आपल्या देशाच्या दृष्टीने त्यांनी कर्तव्यच बजावले होते.

त्यांनी पेरलेले बीज पुढे उगवून आले. टांगानिका १९६१ मध्ये, युगांडा १९६२ मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. केन्याटा केनियाचे प्रमुख झाले. गोवन पिता व मसाई माता यांचे पुत्र असलेले जोसेफ मुरुंबी त्या देशाचे परराष्ट्रमंत्री व नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे शालेय शिक्षण दक्षिण भारतात झाले होते.

परंतु सर्वच पीक गोड निघाले नाही. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील हजारो आशियाई कुटुंबांना देशाबाहेर काढले. अमीनचे ते कृत्य क्रूर आणि अन्यायी होते, यात शंका नाही. तरीही स्थानिक जनतेपासून अलग राहून मिळविलेली समृद्धी किती असुरक्षित असते, हा इशारा त्यापूर्वी पाव शतक देण्यात आला होता, हेही खरे.

नैरोबीनंतर अप्पासाहेब १९५५ ते १९६१ या काळात गंगटोक येथे सिक्कीम व भूतानविषयक कामकाजाचे प्रमुख होते. तिबेटमधील उलथापालथीचा तो कठीण काळ होता. पुढे इंडोनेशिया, नॉर्वे व इजिप्त येथे राजदूत, लंडन येथे हायकमिशनर आणि शेवटी इटलीत राजदूत अशी पदे त्यांनी भूषविली. आपल्या अनुभवांवर त्यांनी पुस्तके लिहिली. वडिलांकडून मिळालेला सूर्यनमस्काराचा आणि साधनेचा वारसा त्यांनी अखेरपर्यंत जपला. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

या जीवनातून आपण काय घ्यावे? परराष्ट्रधोरण हा मोठमोठ्या राजधान्यांचा विषय आहे, आपल्या खेड्याशी त्याचा काय संबंध, असे सहज वाटते. अप्पासाहेबांचे चरित्र तो संबंध दाखवून देते. ज्याने आपल्या घरची सत्ता ७२ गावांच्या हाती दिली, तोच परक्या भूमीत सत्ताहीनांच्या शेजारी विश्वासाने उभा राहू शकला. राष्ट्राचा शब्द जगात किती वजनदार ठरेल, हे ते राष्ट्र आपल्या सर्वांत लहान माणसाशी कसे वागते यावर अवलंबून असते.

दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात प्रभूने शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर जात, वंश व धर्म यांच्या पलीकडे नेऊन ठेवले. जखमी मनुष्य आपल्या समाजाचा नव्हता म्हणून तो शोमरोनी पुढे निघून गेला नाही. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने ग्रामसभेत बसताना, मग ती धानोऱ्याची असो वा आणखी कोठली, या दाखल्याचे स्मरण ठेवावे. केवळ आपल्या समाजापुरते मागण्याचा मोह टाळून ज्याचा हक्क सर्वांत आधी बुडाला आहे त्याच्या बाजूने बोलावे. परमेश्वर आपणां सर्वांना तशी दृष्टी व तसे धैर्य देवो, हीच प्रार्थना.