विश्लेषण : लोखंडातील भेगा शोधणाऱ्या यंत्राने गर्भातील मेंदू कसा दाखवला?

गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यात होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाची कवटी, मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या आणि लहान मेंदू तपासला जातो. ही सोय ज्यांच्यामुळे शक्य झाली, ते डॉक्टर म्हणजे इयान डोनाल्ड.

इयान डोनाल्ड कोण होते?
जन्म १९१० चा, इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते. पेटलेल्या विमानातून सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सन्मान झाला. रडार आणि सोनारची ओळख त्यांना तिथेच झाली. १९५४ मध्ये ते स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

यंत्र कुठून आले?
बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात धातूतील भेगा ध्वनिलहरींनी शोधत. जुलै १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन तिथे गेले. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे निघाले. मग अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी रुग्णांसाठी यंत्र घडवले. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. कर्करोगाने आता वाचणार नाही असे वाटलेल्या एका महिलेच्या पोटात प्रत्यक्षात बीजकोषाची गाठ असल्याचे या यंत्राने दाखवले. शस्त्रक्रियेने ती बरी झाली.

मेंदूतील दोष कसे दिसू लागले?
कवटीचे हाड ध्वनिलहरी जोरात परतवते. त्यामुळे बाळाच्या डोक्याची रुंदी मोजता येऊ लागली. डोनाल्ड यांच्या हाताखाली काम केलेले स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी पुढे लंडनमध्ये, १७ आठवड्यांच्या गर्भात कवटी व मेंदूचा मोठा भाग तयारच झालेला नसल्याचे ओळखले. १९७२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. असे बाळ जगत नाही. तो गर्भपात करण्यात आला.

मग पेच कोणता?
डोनाल्ड श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनमध्ये गर्भपाताला मुभा देणाऱ्या १९६७ च्या कायद्याला त्यांचा कडाडून विरोध होता. गर्भ जिवंत, हालता दिसतो, हे ते याच यंत्राने लोकांना दाखवत. त्याच यंत्राने आईवडिलांपुढे गर्भ ठेवायचा की नाही, हा प्रश्नही उभा केला.

१९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा केला. गर्भातील दोष शोधण्यासाठी तपासणीची मुभा मात्र कायम राहिली.