ॲलिस हॅमिल्टन

ॲलिस हॅमिल्टन (जन्म : २७ फेब्रुवारी १८६९, न्यूयॉर्क, मृत्यू : २२ सप्टेंबर १९७०, हॅडलाइम, कनेटिकट) या अमेरिकन डॉक्टर व संशोधक होत्या. कारखान्यांतील विषारी द्रव्यांमुळे कामगारांना जडणाऱ्या व्यवसायजन्य रोगांच्या अमेरिकेतील अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

शिक्षण

त्यांचे बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे गेले. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवल्यावर त्यांनी जर्मनीत पुढील अभ्यास केला. १८९७ मध्ये त्या शिकागोत विकृतिशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या सेवासंस्थेत राहू लागल्या. तेथे शेजारच्या स्थलांतरित कामगारांचे आजार त्यांनी जवळून पाहिले.

शिशाच्या विषबाधेचे संशोधन

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने हाती घेतलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या पाहणीत शिशाचा विषय त्यांच्याकडे होता. शिशाचे विष शरीरात हळूहळू साठते. पोटशूळ उठतो, मनगटे लुळी पडतात, मेंदूलाही इजा होते. कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात, असे अनेक मालक मानत. हॅमिल्टन यांनी कारखाने पाहिले, रुग्णालयांतील नोंदी तपासल्या, कामगारांच्या घरी जाऊन चौकशी केली. श्वासावाटे जाणारी धूळ आणि वाफ हेच विषबाधेचे मुख्य कारण असल्याचे त्यांनी दाखवले. न्हाणीघरातील टबांना मुलामा देण्याच्या कामातही शिसे असल्याचे त्यांनी उघडकीस आणले. पुढील वर्षी राज्यात व्यवसायजन्य रोगांविषयी कायदा झाला. त्यानंतर केंद्रीय श्रम विभागासाठी त्यांनी इतर राज्यांतील धोकादायक उद्योगांची पाहणी केली.

हार्वर्ड

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यकशास्त्राच्या साहाय्यक प्राध्यापक नेमले. तेथील अध्यापकवर्गातील त्या पहिल्या महिला होत. मात्र प्राध्यापकांच्या क्लबमध्ये त्यांना प्रवेश नव्हता, पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीतही स्थान नव्हते. १९३५ मध्ये त्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या. १९२५ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्यास त्यांनी जाहीर विरोध केला होता. तो डावलून विक्री सुरू राहिली. रस्त्यावरील वाहनांसाठी अशा पेट्रोलवर अमेरिकेत १९९६ मध्ये पूर्ण बंदी आली.

लेखन व वारसा

अमेरिकेतील औद्योगिक विषांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये, तर आत्मचरित्र १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, डिसेंबर १९७० मध्ये, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता व आरोग्य राखण्याची जबाबदारी मालकांवर टाकणारा कायदा अमेरिकेत देशभरासाठी संमत झाला.