कै. डॉ. पंजाबराव देशमुख आणि वऱ्हाडचे कृषिविद्यापीठ

वऱ्हाडातील शेतकरीकुळांत विद्येचे बीज भाऊसाहेब देशमुखांनी पेरले.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेटही त्यांनी संपादिली. १९२७ साली त्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला, ही गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या अंकात तरी झाकून ठेवू नये, असे आम्हांस वाटते. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिपदावरून, सावकारी पाशातील शेतकऱ्यासाठी कर्जलवाद कायदा व्हावा म्हणून ते झटले.

१९५२ ते १९६२ या दशकात केंद्र सरकारातील कृषिखात्याची धुरा त्यांनी वाहिली. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार त्यांनी देशभर हिरिरीने केला. परंतु आमच्या दिग्रस भागातील काळ्या जमिनीत भाताला कितीसे स्थान? येथे कापूस, ज्वारी, तूर, आणि तीही बहुतांशी पावसाच्या भरवशावर. दूरदेशीचे ज्ञान कितीही थोर असो, ते त्या त्या मातीत पारखूनच घ्यावे लागते. त्यासाठी विद्यापीठ जवळचेच हवे.

ते पाहण्यास मात्र भाऊसाहेब राहिले नाहीत. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. कृषिविद्यापीठ विदर्भात व्हावे म्हणून १९६७ साली आंदोलन पेटले, त्यात बळीही गेले; अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास विद्यापीठ उभे राहिले, व त्यास त्यांचेच नाव मिळाले. तेथील संशोधकांनी कपाशीचे वाण विदर्भाच्या शेतकऱ्यास दिले.

तथापि अकोल्याचे ज्ञान बांधापर्यंत पोहोचतेच, असे म्हणवत नाही. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडास फडके बांधावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, एवढे सांगणारा माणूस वेळेवर बांधावर असता तर?

विद्यापीठाची शिवारफेरी भरते. पीक उभे असताना वाण व प्रयोग तेथे प्रत्यक्ष पाहता येतात. दिग्रसकर कुटुंबांनी तेथे जावे. आणि फवारणीचे काम जो सालगडी करतो, त्यालाही बरोबर न्यावे.