भाऊ दाजींचे तेल

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव मिळाले. मुलुंडहून नातवंडांना तिथे नेतो, तेव्हा मला आठवते ते त्यांचे तेल. गोव्यात जन्मलेले भाऊ १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. महारोग्यांना ते कडू कवठीच्या बियांचे तेल पोटातून देत, अंगालाही चोळायला लावीत. पण कातडीत मुरले किती? (भरणा वेगळा, जमा वेगळी, हे आम्हा बँकवाल्यांना पक्के ठाऊक!) तेव्हा माप एकच : डाग फिकटले का, बधिर जागी स्पर्श कळतो का. आज चिकटपट्टीने कातडीचा एकेक पापुद्रा काढून त्यातले औषध मोजतात. भाऊंनी मात्र औषध गुप्त ठेवले. इतरांनी पडताळायचे कसे? एवढ्या उदार माणसाचे हे मला खटकते. १८७४ साली ते गेले. पुढे याच जातीच्या तेलाची इंजेक्शने, १९४० च्या दशकात सल्फोन येईपर्यंत, जगभर टोचली गेली.