बार्शीच्या मास्तरांचे आकाश

अंधार पडल्यावर धाराशिव परिसरातील एखाद्या माळावरून वर पाहिले, तर ताऱ्यांमधून एक ठिपका सरकताना आणि थांबून थांबून लखलखताना कधीकधी दिसतो. तो बहुधा गिरक्या घेणारा निकामी उपग्रह किंवा रॉकेटचा सांगाडा असतो. तो नेमका कोणता, हे ठरवायचे तर तो कोणत्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला, हे टिपावे लागते. म्हणजे आधी तारे ओळखता आले पाहिजेत. ही ओळख मराठी वाचकाला करून देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित याच जिल्ह्याला लागून असलेल्या बार्शीत १८८२ ते १८८९ या काळात शिक्षक होते. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, बार्शी इंग्रजी अमलात.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशी नोकरीची वाटचाल. सारी शिकवण्यातच गेली. तरीही प्राचीन शिलालेखांतील तिथींचा ताळा जुळवण्यासाठी फ्लीटसारख्या विद्वानाने या शाळामास्तरांच्या गणिताचा आधार घेतला. गुप्तकालीन लेखांचा तो ग्रंथ १८८८ साली निघाला, तेव्हा दीक्षित बार्शीतच होते.

सामान्यांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. ‘रात्रीची दोन घटका मौज’ हे त्याचे दुसरे नाव. दोन घटका म्हणजे अवघी अठ्ठेचाळीस मिनिटे; एवढा वेळ कोणालाही काढता यावा!

त्यांचा सर्वात धाडसी निष्कर्षही आकाशातूनच आला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. आज त्या पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. पृथ्वीच्या अक्षाची दिशा संथपणे बदलत असल्याने हा फरक पडतो. कृत्तिका ठीक पूर्वेला केव्हा उगवत असतील, याचे गणित करून दीक्षितांनी तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. अनेक पाश्चात्त्य पंडितांना तो मान्य झाला नाही. एका वाक्यावर एवढा भार टाकावा काय, ही शंका रास्तच होती. पण ते वाक्य आकाशाशी ताडून पाहण्याची दीक्षितांची रीत मात्र सहज झटकता येण्याजोगी नव्हती.

‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेले भारतीय कालगणनेवरील इंग्रजी पुस्तकही त्याच वर्षीचे. पुढच्या दोनच वर्षांत, १८९८ साली, वयाची पंचेचाळिशी गाठण्यापूर्वीच दीक्षितांचे निधन झाले. मूळ मराठी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद सरकारने छापला, तोवर सत्तरहून अधिक वर्षे लोटली होती.