सुतार लवजी वाडिया

शाळा संपल्यावर पुढें काय करणार, असा प्रश्न आम्ही दर वर्षीं वरच्या वर्गांत विचारतों. कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर, कोणी वीज-केंद्रांतील नोकरी अशीं उत्तरें देतात. सुतार होणार, असें मात्र सहसा कोणी म्हणत नाहीं. ज्याच्या घरीं आजोबांपासून रंधा चालत आला आहे तो मुलगासुद्धां त्या वेळीं मान खालीं घालतो. ऊर्जानगरापासून बल्लारपूर कांहीं दूर नाहीं. तेथील डेपोंत सागवानाचे ओंडके रचलेले आपण सर्वांनीं पाहिले आहेत, आणि आलापल्लीच्या सागाची कीर्ति तर दूरवर पसरलेली आहे. अशा मुलखांत राहून लांकडाला आकार देणाऱ्या हातांची लाज वाटावी, ही गोष्ट आम्हांस खटकते. म्हणून यंदा आम्ही एका सुताराचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

लवजी नसरवानजी यांचा जन्म १७०२ च्या सुमारास सुरतेकडील एका पारशी कुटुंबांत झाला. सुरत हें त्या काळीं पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होतें व तेथें जहाजें बांधण्याचा धंदा भरभराटींत होता. लवजी तेथें धनजीभाई नांवाच्या मिस्त्रीच्या हाताखालीं काम करीत. लांकूड पारखणें, करवतीनें कापणें, वाकसानें तासणें, सांधे जुळविणें, हाच त्या धंद्याचा अभ्यासक्रम होता. तो पुरा करून ते मुकादमाच्या जागेवर चढले. पुढें त्यांच्या घराण्यास मिळालेलें वाडिया हें नांवही जहाज बांधणारा याच अर्थाचें आहे.

१७३५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचें एक जहाज सुरतेस बांधलें जात होतें. त्याची पाहणी करण्यास मुंबईहून डडली नांवाचे अधिकारी आले. मुकादमाचें काम त्यांच्या मनांत इतकें भरलें कीं, मुंबईस येऊन तेथील गोदीचें काम हातीं घ्यावें, असा आग्रह त्यांनीं लवजींस केला. संधि मोठी होती. पण जहाज अर्धवट होतें आणि लवजी आपल्या मालकाशीं वचनानें बांधलेले होते. त्यांनीं तें काम टाकून जाण्याचें नाकारलें. जहाज तयार झाल्यावरच, १७३६ सालीं, ते थोडे कारागीर बरोबर घेऊन मुंबईस आले. आमच्या मतें लवजींची खरी परीक्षा येथेंच झाली व ते तींत उतरले. मुंबईकरांना त्यांचा हात ठाऊक झालाच होता. आतां शब्दही ठाऊक झाला.

मुंबईस आल्यावर पहिली अडचण लांकडाची. दुसऱ्याच वर्षीं लवजींना लांकूड मिळविण्यासाठीं उत्तरेकडे पाठविण्यांत आलें. परततांना ते आपलें कुटुंबही घेऊन आले. तेव्हांपासून मुंबई हेंच त्यांचें घर झालें. जहाजाला सागच कां लागतो, हें आमच्या भागांतील मुलांनीं अवश्य समजून घ्यावें. सागांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें तो पाण्यांत लवकर कुजत नाहीं, वाळवीस दाद देत नाहीं व उन्हापावसानें फारसा आकसत किंवा फुगत नाहीं. शिवाय त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा टिकतो. विलायतेंतील ओक लांकडांत आम्ल असल्यामुळें लोखंडास गंज चढतो. सुरत-मुंबईकडील कारागीर फळ्यांच्या कडा नुसत्या एकीला एक भिडवून थांबत नसत. त्या खांचून एकमेकींत बसवीत व मध्यें कापूस आणि राळ भरीत. असा सांधा पाण्याला वाट देत नसे.

१७५० च्या सुमारास मुंबईस कोरडी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आंत घ्यावयाचें, दरवाजा लावून पाणी काढून टाकावयाचें, आणि तळ उघडा पडला म्हणजे त्याची दुरुस्ती करावयाची, अशी ही सोय. पूर्वी ज्या कामासाठीं जहाज किनाऱ्यावर आडवें पाडावें लागे तें आतां सरळ उभ्या जहाजावर होऊं लागलें. या कामांत लवजींचा मोठा वांटा होता.

लवजींच्या आयुष्यांतील जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक शिकविते ती त्यांच्या उतारवयांतील आहे. फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी या आपल्या दोन नातवांना त्यांनीं गोदींत आणलें. आजोबा मुख्य मिस्त्री. त्यांनीं मनांत आणलें असतें तर नातवांस देखरेखीची जागा सहज देतां आली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. धंद्याचें प्रत्येक अंग हातानें शिकावें म्हणून त्यांनीं दोघांस महिना १२ रुपयांवर साधे सुतार म्हणून कामास लाविलें. १७७४ सालीं लवजी वारले. अडतीस वर्षांच्या चाकरीनंतर त्यांच्यामागें एक घर व २०,००० रुपयांहून कमी रक्कम, एवढीच मिळकत राहिली.

पण खरी मिळकत निराळी होती. त्यांच्यामागून माणेकजी व बमनजी या पुत्रांनीं गोदी सांभाळली, आणि १२ रुपयांवर लागलेल्या जमशेटजींनीं पुढें ब्रिटिश आरमारासाठीं जहाजें बांधलीं. १८१० सालीं समुद्रांत सोडलेलें मिंडेन, १८१३ चें कॉर्नवॉलिस हीं त्यांपैकींच होत. याच कॉर्नवॉलिसवर १८४२ सालीं नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. १८१७ सालीं बांधलेलें त्रिंकोमाली जहाज तर इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो साग आणि तें बांधकाम टिकून आहे.

आतां आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास हा मार्ग धरावासा वाटला तर तो बंद नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो व आठवी उत्तीर्ण झालेल्यास त्यांत प्रवेश मिळूं शकतो. त्यानंतर १९६१ च्या कायद्याप्रमाणें शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतनावर काम शिकतां येतें. किंवा गांवांतील एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीं राहावें. कोठेंही गेलें तरी पहिले महिने हत्यारांना धार लावण्यांत, फळी रंध्यानें सपाट करण्यांत आणि गुण्या लावून कोपरा तपासण्यांतच जातील. त्यास कंटाळूं नये. माप व भूमिति यांचा वर्गांत कंटाळा करणाऱ्यास तेथें त्यांची किंमत कळेल. लांकडाचा कल ओळखण्यास मात्र पुस्तक पुरत नाहीं. त्यास हातच लागतो.

पुढल्या वर्षीं आम्ही तोच प्रश्न पुन्हां विचारूं. ज्याच्या घरीं रंधा आहे त्यानें त्या वेळीं मान वर करून उत्तर द्यावें, आणि हातीं घेतलेलें काम पुरें केल्यावांचून सोडूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.