भट्टीत गेलेल्या तोफा

किर्लोस्करवाडी स्टेशन आपल्याला माहीत आहेच. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी (१८६९-१९५६) तिथे कारखाना उभारला. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली नि हा माणूस यंत्रांकडे वळला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असं शेतकरी म्हणायचे! तीही समजूत मोडून काढली, तर पहिल्या महायुद्धात लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या.

जुनी नळी वरून कितीही घासूनपुसून चकाचक करा. आत गंज किंवा बारीक चीर असली, तर बार उडवताना ती फुटू शकते. वितळवायला मात्र तीही चालते. तोफा भट्टीत गेल्या. इतिहासप्रेमींना हळहळ वाटेल; मला विचाराल तर भट्टी विझण्यापेक्षा हे बरं.